रात्रीची शिकार, कलम 17 आणि मामांची बॅटरी

मंगळवारी रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. मामा भुदरगडात असतात, गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. साडेआठला झोपणारा माणूस, त्यामुळं फोनवर नाव बघूनच पोटात गोळा आला. तर मामा एकदम खुशीत. "त्ये पाठवलंय बघ तुला. खरं हाय न्हवं? पोरं म्हणत्यात, आता रात्रीची पारध मोकळी झाली. डोक्याला बांधायची बॅटरी आणलीया, अठराशेची. शनवारी निघायचं म्हणत्यात."

पोरं म्हणजे माझे दोन मामेभाऊ आणि भावकीतली आणखी तिघंचौघं. मी मेसेज उघडला. तुमच्या ग्रुपवरही आला असेल, नसेल तर उद्या येईल, म्हणून जसाच्या तसा देतो:

"शेतकरी बांधवांसाठी आनंदाची बातमी!! वन कायद्यातील कलम 17 रद्द. आता रात्री 7 ते पहाटे 5 या वेळेत शेतात आलेल्या कोणत्याही जंगली जनावराची शिकार कायदेशीर. बंदुकीचे लायसन असल्यास वेगळ्या परवानगीची गरज नाही. बांधाच्या आत पडलेले जनावर शेतकऱ्याच्या मालकीचे. रानडुक्कर व ससा उपद्रवी घोषित. कुंपणाला करंट सोडल्यास स्वसंरक्षण धरले जाते, गुन्हा नाही. वनखात्याचा माणूस आल्यास हा मेसेज दाखवा. जास्तीत जास्त शेअर करा. – एक कायदेतज्ज्ञ"

सोबत एक व्हिडिओ. हिरव्या उजेडात पळणारी डुकरं, ठो-ठो आवाज आणि मागं ढोल-ताशाचं गाणं.

मी वकील नाही, आधीच सांगतो. कसबा बावड्यात कोर्टाच्या अंगाला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. चौदा वर्षं वकिलांचे अर्ज टाइप करतोय. जामिनाचे, मुद्देमाल परत मिळण्याचे, तारीख वाढवून मिळण्याचे. कायदा मला समजतो असा माझा दावा नाही, पण कायद्यात अडकलेला माणूस कसा दिसतो ते रोज बघतो. तो माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसतो, चहा घेत नाही आणि दर पाच मिनिटांनी विचारतो, "साहेब, गाडी कधी सुटंल?" अशा बाकड्यावर माझे मामेभाऊ मला बसवायचे नाहीत. म्हणून हे लिहितोय.

"हा मेसेज दाखवा" यावर वेळ घालवत नाही. वनरक्षकासमोर मोबाइल धरून "बघा, व्हॉट्सॲपवर आलंय" म्हणणारा माणूस आपण शिकारीलाच निघालो होतो हे स्वतःच्या तोंडानं सांगत असतो. वर मोबाइल जप्त झाला की त्यातले ससे धरलेले जुने फोटोही सापडतात. पुढं चला.

आता कलम 17. सगळा मेसेज याच एका खुंटीवर टांगलाय, आणि खुंटी खरी आहे. हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतंय. मी ज्यांची कामं करतो त्यातल्या एका जुन्या वकीलसाहेबांच्या कपाटात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ची जुनी प्रत आहे. पानं चहाच्या रंगाची झालीत, शिवण सुटलीय, मधल्या दहाबारा पानांना रबरबँड लावलाय. बुधवारी सकाळी ती मागून आणली. त्यात कलम 17 आहे आणि त्याचं शीर्षकच 'शिकारीवरील निर्बंध' असं आहे. गाडीतून शिकार करायची नाही. जाळी, फासे, विष, स्फोटक वापरायचं नाही. पाणवठ्यावर, जनावरं खारी माती चाटायला येतात त्या जागी दबा धरायचा नाही. कृत्रिम उजेडात शिकार करायची नाही. आणि सूर्यास्त ते सूर्योदय, म्हणजे रात्री, शिकार करायची नाही. काही अपवाद होते, पण नियम हा.

मग नवी प्रत उघडली. तिथं 17 च्या पुढं एवढंच: 1991 च्या अधिनियम 44 ने वगळले. रात्रीच्या शिकारीची बंदी गेली. मेसेजवाला इथवर खरं बोलतोय, फक्त तीस-पस्तीस वर्षं उशिरा.

पण बाबा रे, 17 च्या आगंमागं काय काय वगळलंय ते बघितलंस का? 1972 च्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. खास शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, जिवंत पकडण्याचा वेगळा. परवाना काढायचा, फी भरायची आणि कायदेशीर शिकारीला जायचं. त्या परवानाधारकानं कसं वागावं हे 17 सांगत होतं. 1991 ला परवान्यांची ती सगळी पद्धतच मोडीत निघाली. परवाना रद्द करण्याचं 13, त्यावरच्या अपिलाचं 14, मादी आणि पिल्लांच्या शिकारीचं 15, बंद हंगामाचं 16, सगळी 17 च्या बरोबरीनं गेली. आणि 9 व्या कलमात सरळ लिहिलं गेलं की अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, वन्यप्राण्याची शिकार कुणीही करायची नाही. अपवाद फक्त कलम 11 आणि 12 चे.

पुण्यात दुकानावर 'दुपारी 1 ते 4 बंद' अशी पाटी असते. दुकान कायमचं बंद करून मालकानं शटर ओढलं आणि जाताना पाटीही काढून नेली. आता कुणी म्हणालं, "पाटी गेली, म्हणजे दुपारी दुकान उघडं असतंय," तर त्याला काय म्हणाल? मेसेजवाल्यानं नेमकं हेच केलंय. रात्रीची वेगळी बंदी गेली, कारण बंदी चोवीस तासांची झाली.

मामांना फोनवर हे पाटीचं सांगितलं तर ते बराच वेळ हसले. म्हणून हाच दाखला इथं वापरतोय, कलमांच्या आकड्यांनी कुणाला काही पटत नाही.

"रात्री 7 ते पहाटे 5" ही वेळ कुठनं आली ते मात्र देवाला माहीत. कुठल्याच प्रतीत नाही. शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकावरनं सुचली असावी.

आणि शिकार म्हणजे काय हेही बघून ठेवा. पोरांचं म्हणणं, "आम्ही नुसती बॅटरी मारून बघणार, नेम लागला तर लागला." कायद्यातल्या व्याख्येत मारणं आलं, विष घालणं आलं, पकडणं, फासकी लावणं, पाठलाग, हाका घालून हुसकणं, आमिष ठेवणं आलं, आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्नही आला. नेम चुकला म्हणून गुन्हा चुकत नाही. पक्ष्याचं घरटं मोडून अंडी काढली तरी ती शिकारच.

पुढचा मुद्दा वाचून मी दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो. "बांधाच्या आत पडलेले जनावर शेतकऱ्याच्या मालकीचे." वा! म्हणजे गवा दिवसा दाजीपूरच्या जंगलात सरकारचा आणि रात्री ओढा ओलांडून उसात शिरला की मामांचा. मग त्यानं तुडवलेल्या उसाची भरपाई मागायची कुणाकडं, मामांनी मामांकडंच? आणि जनावर अर्धं बांधावर पडलं तर शेजाऱ्याचा वाटा किती? आमच्याकडं बांधावरनं वीतभर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टात गेल्यात, त्यात आता हे.

कलम 39 काय म्हणतं ऐका. शिकार केलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता. बेकायदा मारला तरी शासनाची. रीतसर परवानगी घेऊन कलम 11 खाली मारला तरी शासनाची. जीव वाचवताना मारला तरी शासनाची. त्याचं मांस, कातडं, शिंग, दात, सगळं. असली वस्तू कुणाच्या ताब्यात आली तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायची आणि मागितल्यावर हवाली करायची. त्यामुळं "परवानगीनं मारलं, आता वाटे घालू, रस्सा करू" ही वाटही बंद. तांबडा रस्सा बोकडाचाच करा, त्यात कमीपणा काही नाही.

याच कलमात आणखी एक ओळ आहे, ती माझ्या बाकड्यावरच्या लोकांना फार उशिरा कळते. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी, हत्यार, सापळा, अवजार हेसुद्धा शासनाचं होतं. थोरल्या मामेभावाची बोलेरो अजून हप्त्यावर आहे. ससा दोन किलोचा, गाडी दहा लाखांची. हिशेब त्यानं करावा.

ससा म्हटला म्हणून. "रानडुक्कर व ससा उपद्रवी घोषित." कुणी केलं, कधी केलं, राजपत्राचा क्रमांक काय? मेसेजमध्ये काहीच नाही. कलम 62 खाली एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्र सरकारचा, राज्याचासुद्धा नाही. तो ठरतो तोही ठराविक भागापुरता आणि ठराविक मुदतीपुरता. 2015-16 मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं अशी घोषित झाली होती. जिल्ह्यांची नावं घालून, वर्षभरासाठी, तीही जंगलाबाहेर. बिहारच्या राजपत्रावर भुदरगडात डुक्कर मारता येत नाही. केरळसारखं राज्य रानडुकरासाठी पुन्हा पुन्हा मागणी करून दमलं, पण दिल्लीनं दिलं नाही.

मग डुक्कर आणि ससा आहेत कुठं? 2022 च्या दुरुस्तीनं सहा अनुसूचींच्या चार केल्या. नावात 2022 असलं तरी ती लागू झाली 1 एप्रिल 2023 पासून. पूर्वी तिसऱ्या-चौथ्यात विखुरलेले हे दोघे आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंड 25 हजारांपर्यंत होता, तो चौपट झाला. म्हणजे कायदा बदलला हे खरं, पण उलट्या बाजूनं. गवा, बिबट्या, हत्ती, मोर, खवल्या मांजर, आणि होय, घोरपडसुद्धा, हे पहिल्या अनुसूचीत. तिथं कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड 25 हजारांहून कमी नाही. कंबरदुखीवर घोरपडीचं तेल शोधत फिरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

बंदुकीच्या लायसनचा मुद्दा पटकन संपवतो. शस्त्र परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि तो शस्त्र जवळ ठेवायचा परवाना असतो. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने आपल्या डोंगरी तालुक्यांत पूर्वीपासून आहेत, त्यावरनं हा घोळ झालाय. ड्रायव्हिंग लायसन आहे म्हणून कुणी महाद्वार रोडवर दसऱ्याच्या गर्दीत गाडी घालत नाही. उलट अभयारण्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकवाल्यांनी आपली नोंद वन्यजीव विभागाकडं करायची, असं कलम 34 म्हणतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय निघत नाही. राधानगरी अभयारण्याच्या कडेनं वसलेल्या किती गावांना हे माहीत आहे?

इथं दुसरी कबुली देऊन टाकतो. रानडुकराला मारायची परवानगी मिळतच नाही, असं नाही. कलम 11 मध्ये दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला तर लेखी आदेशानं परवानगी देता येते, आणि मालमत्तेत उभं पीकही धरलंय. महाराष्ट्रात 2015 पासून रानडुकरासाठी हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणलाय. म्हणजे नागपूरला वनखात्याच्या मुख्यालयात जायला नको, आपल्या रेंज ऑफिसात अर्ज. पण लेखी, कारणासहित, आणि त्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच. गव्याचं आणि हत्तीचं गणित वेगळं. ते पहिल्या अनुसूचीत, तिथं पिकाचं नुकसान हे मारायचं कारणच धरत नाहीत. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जायबंदी, आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक आदेश देणार, तोही पकडता, बेशुद्ध करता, हलवता येत नसेल तर. चंदगड-आजऱ्याच्या लोकांनी हत्तींपायी काय सोसलंय ते मी नाकारत नाही, पण कायदा हा आहे.

आता करंट. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या कापणीला मी मामांकडं गेलो होतो. पहाटे पाचला मामी वैरणीला निघाल्या, मी दात घासत मागनं. पुढं मामांची कुत्री, तांबडी, म्हातारी, एका कानाला चीर गेलेली. शेजारच्या फडाच्या कडेला ती वळली आणि आवाजसुद्धा आला नाही. कुईं नाही, भुंकणं नाही. मामी थांबल्या. मी मोबाइलची बॅटरी लावली. बांबूच्या खुंट्या, गुडघ्याच्या खाली, त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले आणि त्यावरनं उघडी तार. कुत्रीचा जबडा तारेवर होता आणि पाय अजून हलत होते. तार पुढं मोटारीच्या पेटीकडं गेलेली. मामी ज्या पायवाटेनं रोज जातात, ती तिथनं चार पावलांवर तीच तार ओलांडत होती. मामींच्या हातात विळा होता, पायांत ओल्या चपला.

फड कुणाचा ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तो माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी येऊन रडला. म्हणाला, "डुकरासाठनं लावली होती."

मेसेज म्हणतो याला स्वसंरक्षण धरतात. कुणाचं रे स्वसंरक्षण? ज्यानं तार लावली तो घरात घोरत असतो. कलम 11 च्या दुसऱ्या पोटकलमात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला तर गुन्हा नाही, असं आहे. बरोबर आहे आणि असायलाच पाहिजे. अंगावर आलेल्या अस्वलाला कुऱ्हाड मारणाऱ्याला कुणी आत टाकू नये. पण लगेच खाली परंतुक आहे: तेव्हा तुम्ही स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत असाल तर ही सवलत नाही. म्हणजे रात्री फासकी लावायला गेलात, डुक्कर अंगावर आलं, गोळी घातली आणि "जीव वाचवला" म्हणालात, तर चालत नाही. आणि तारेला तर जीव वाचवायचाच नसतो. तिला डुक्कर, कुत्री, मामी, ऊसतोडीच्या टोळीतलं पोर, सगळं सारखंच.

आणि तारेत माणूस मेला तर मामला वन्यजीव कायद्याचा राहतच नाही. भारतीय न्याय संहितेत हलगर्जीपणानं मृत्यूचं 106 आहे, पाच वर्षांपर्यंत. आणि या तारेनं माणूस मरू शकतो हे ठाऊक असून लावली, असं ठरलं तर सदोष मनुष्यवधाचं 105, तिथं दहा वर्षांपर्यंत मजल जाते. शिवाय आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीज कायद्याचं 135 वेगळं. असल्या जामीन अर्जात "अर्जदार हा कुटुंबातील एकमेव कमावता असून" हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, तेव्हा जामिनासाठी मुंबईला जायचं गाडीभाडं तेवढं वाचेल.

"मग सोलरचं झटका मशीन कसं चालतं? त्यातबी करंटच की," असं एका मामेभावानं विचारलं. प्रश्न चांगला आहे. झटका मशीन तारेत वीज सोडतं ती टिचकीसारखी: साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही बारीक तुकड्याएवढी, दाब मोठा पण प्रवाह अगदी थोडा. जनावर दचकतं आणि मागं सरतं, कारण दोन टिचक्यांच्या मधे त्याला सुटायला वेळ मिळतो. मोटारीच्या पेटीतनं आलेली 230 व्होल्टची लाइन मधे थांबत नाही. ती स्नायू आखडून टाकते आणि धरलेलं सोडूच देत नाही. कुत्रीचा जबडा तारेवरनं सुटला नव्हता तो यामुळं. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतनं अनुदान आहे. रेंज ऑफिसात विचारा, मेसेजवाल्याला नको.

पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवायचा प्रकार मेसेजात नाही, पण ग्रुपवर एकानं सुचवला, म्हणून एका ओळीत. 2020 मध्ये केरळात असल्या आमिषानं तोंड फुटलेली गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली, ती माणसानं डुकरासाठीच ठेवलेली वस्तू होती असं तपासात पुढं आलं. आपल्याकडं ती गाईच्या तोंडात जाईल.

राहिला व्हिडिओ. तो कोल्हापूरचा नाही, महाराष्ट्राचा नाही, भारताचाही नाही. दुर्बिणीच्या काचेवर कोपऱ्यात इंग्रजीत तापमान फॅरेनहाइटमध्ये दिसतंय आणि मागं बोलणाऱ्याचा हेल अमेरिकेतला आहे. तिकडं टेक्सासात रानटी डुकरांची शिकार खासगी जमिनीवर रात्रीसुद्धा चालते, 2019 पासून तर तिथं त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही, आणि हेलिकॉप्टरमधनं मारायलाही मुभा आहे. का? कारण ती डुकरं तिथली नव्हेत. युरोपातनं आलेल्यांनी आणली, सुटली आणि माजली. आणि त्याच टेक्सासात रात्री हरण मारलं तर पकडतात, तिथं हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतरपर्यंत. आपलं रानडुक्कर इथलंच आहे, वराह अवतार टेक्सासात झाला नव्हता.

मेसेजखाली कुणीतरी "आम्ही शाहू महाराजांच्या मातीतले, शिकार आमच्या रक्तात" असं टाकलंय, वर तीन तलवारी. महाराजांच्या पदरी शिकारीचे चित्ते होते हे खरं. पण चित्ता उजेडात, डोळ्यानं बघून काळवीट धरणारा प्राणी, रात्री बॅटरी मारून नव्हे. दाजीपूरचं रान संस्थानात शिकारीसाठी राखलेलं होतं, म्हणजे ज्यानं त्यानं उठून जायचं नाही असंच. आणि 1958 मध्ये त्याच रानाचं महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं, गव्यांसाठी. मातीचा अभिमान असेल तर हाही धरा.

आता मामांची बाजू, कारण ती मेसेजवाल्यानंच नीट मांडलेली नाही. भुईमूग काढणीला आला की एका रात्रीत डुकरं अर्धा एकर नांगरून जातात. सकाळी बघितलं तर वेल उलटे, शेंगा गायब, मातीत नाकाच्या खुणा. मामा चार महिने माळ्यावर राखण करतात, पत्र्याचा डबा वाजवत. त्यात शेतीची लाइट आठवडाभर रात्रीची, म्हणजे पाणी पाजायला अंधारात उसात शिरायचं आणि समोर गवा उभा. पंचनाम्याला माणूस चार दिवसांनी येतो, तोवर पाऊस पडून खुणा गेलेल्या असतात. भरपाई हातात येईपर्यंत पुढचं पीक पोटऱ्यात येतं. हा राग खरा आहे. म्हणूनच असला मेसेज दोन तासांत चाळीस गावं फिरतो, आणि जे रागावलेत त्यांनाच तो आत घालवतो.

बुधवारी रात्री मी मामांना उलटा फोन केला. शेंगांच्या नुकसानीचा अर्ज अजून केलेलाच नव्हता. घटना झाल्यापासून तीन दिवसांत करायचा असतो, तो सोमवारच्या रात्रीचा प्रकार, म्हणजे एकच दिवस हातात. सातबारा, आधार, पासबुक आणि खुणांचे फोटो, शेजारी खोरं ठेवून, म्हणजे आकार कळतो. कुणी उचलत नसेल तर 1926 लावायचा, तो वनविभागाचा फोन आहे. सगळं गुरुवारी सकाळी झालं. फोटो धाकट्या मामेभावानं काढले, त्या अठराशेच्या बॅटरीच्या उजेडात, पहाटे साडेपाचला, मामी वैरणीला जायच्या आधी.

शनिवारी कुणी गेलं नाही. संध्याकाळी मामांचा फोन आला. "सगळं समजलं रं. पर एक सांग, बॅटरी दुकानदार परत घील काय? डबा फोडलाय, पर पिशवी हाय."